रिंग बसवणारा हात

हानाओका तोमोएचा उजवा अंगठा कामातून गेला होता. दिसायला जागेवर होता, पण सकाळी भाताची वाटी डाव्या हातात धरून उजव्या हाताने जेवणाच्या काड्या उचलल्या की एक काडी निसटून टेबलावर पडायची. नवरा बघायचा आणि चमचा पुढे सरकवायचा. चमच्याचा तिला राग यायचा. भात काय चमच्याने खायचा असतो?

अंगठा रिंगेने खाल्ला. रॉकेलवर चालणाऱ्या हीटरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, बोटाच्या पेराएवढा. त्यात आतल्या बाजूला एक खाच, आणि त्या खाचेत मसुराच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी रबरी रिंग. रिंग सरळ दाबली तर बसत नाही. आधी तिरकी धरायची, एक कड खाचेत सोडायची, मग अंगठ्याने गोल फिरवत उरलेली आत लोटायची. पीळ पडता कामा नये. पीळ पडला की हीटर गळणार, आणि रॉकेल गळणारा हीटर म्हणजे कुणाच्या तरी घराला आग. ओकाया गावातल्या ओगुचींच्या कारखान्यात हे काम तोमोए तीसेक वर्षं करत होती. आता ती जुळणीच्या खोलीची प्रमुख होती, तरी रिंगा तिच्याच हातून जायच्या, कारण तिच्या वेगाने दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं आणि नवीन माणूस मिळत नव्हता. फाटकावर लावलेली जाहिरात उन्हाने पांढरी पडली होती.

शेजारच्या सुवा शहरातल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं. "रिंग सोडा. नाहीतर सांधा जोडून टाकावा लागेल. मग दुखणार नाही, पण वाकणारही नाही."

"सोडली तर घरी बसावं लागेल."

"मग काम दुसऱ्या कुणाला द्या."

दुसरं कुणी म्हणजे यंत्र. ते तिने स्वतःच मालकांना सांगितलं. तिला घरी बसायचं नव्हतं. आई तिची घड्याळं जुळवायची, डोळ्याला भिंग लावून, तळ्यापलीकडच्या कारखान्यात. कामाला बसलेल्या बाईने पाठ टेकायची नाही, हे तोमोए आईकडून शिकली. शाळा संपल्यावर ओगुचींकडे आली ती तिथेच राहिली. सासू गेली, मुलगी लग्न होऊन नागोयाला गेली, तोमोएचं स्टूल हललं नाही. तिला फक्त रिंगेतून सुटका हवी होती, खोलीतून नको होती.

मालक ओगुची र्‍योसाकु चांगला माणूस. कुणाला वाईट म्हणून बोलले नाहीत, पगार कधी चुकवला नाही. त्यांचा दोष एकच. 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. कारखान्यात दोन कंपन्यांची कॉफीची यंत्रं शेजारी शेजारी उभी होती, कारण दोन्ही विक्रेते दारात आले आणि दोघांनाही मालक म्हणाले, "चांगल्या दिशेने विचार करतो." नववर्षाला चार ठिकाणची कॅलेंडरं यायची आणि चारही टांगली जायची. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. ओकायात ती मालकांची सख्खी बहीण होती.

तर यंत्राच्या वेळीही तेच झालं. तोमोएला एक हात हवा होता. चाचणीसाठी दोन आले.

पहिला आणला कानाईसाननी. कानाई वीसेक वर्षं कारखान्याला स्क्रू आणि ड्रिल पुरवत आले होते. आता त्यांची कंपनी यांत्रिक हातही विकायला लागली होती. थोरले मालक वारले तेव्हा कानाई भल्या पहाटे येऊन दारातलं बर्फ उपसून गेले होते. हे ओगुची घराणं विसरलं नव्हतं. कानाईंचा हात चार सांध्यांचा. टेबलावर आडवा फिरायचा, आणि टोकाचा दांडा सरळ वर-खाली. वेग असा की नजर ठरेना.

"पापणी लवेपर्यंत एक जागा बदलतो," कानाई म्हणाले. "आणि वजन बघा किती उचलतो!"

"आम्हाला तांदळाची पोती नाही उचलायची, कानाईसान," तोमोए म्हणाली.

"अचूकता म्हणाल तर केसाच्या जाडीचाही काही भागच. हजारदा पाठवा, हजारदा तिथेच येणार."

"हात तिथेच येईल हो. रिंग कुठे तिथेच असते? ती रबराची आहे. सकाळी एक आकार, दुपारी एक."

कानाई हसले आणि घाम पुसला. ते मन लावून काम करणारे होते, फक्त बोलताना त्यांना कॅटलॉग पाठ असायचा.

दुसरा हात आणला उएदाहून आलेल्या ताकिझावा नावाच्या तरुण इंजिनीयर बाईने. हा सहा सांध्यांचा, माणसाच्या हातासारखा. मनगट वळायचं, तिरकं व्हायचं. भोवती सुरक्षेचा पिंजरा लागत नव्हता. माणूस आडवा आला की थांबायचा. पण चाल बैलाची. ताकिझावाने ते लपवलं नाही. "हळू आहे," ती म्हणाली. "पण रिंग तिरकी धरू शकतो. मी तेवढंच सांगेन."

तोमोएला ते बोलणं आवडलं. पण आवडण्यावर यंत्र घेता येत नाही.

दोन्ही हात खोलीच्या भिंतीला शेजारी शेजारी बसवले. आणि खोलीतल्या बायकांनी जे करायचं तेच केलं. किकुनोने पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापले, ब्रशने नावं लिहिली आणि हातांच्या बुडाला बांधली. कानाईंचा तो ताके, ताकिझावाचा तो उमे. किकुनो सगळ्यांत वयस्कर, सत्तरीला टेकलेली, निवृत्त होऊन पुन्हा कामाला आलेली. सकाळी रेडिओवरचा व्यायाम झाला की हजेरी होते. तोमोएने नावं पुकारली. शेवटचं नाव झाल्यावर किकुनो म्हणाली, "दोघं राहिले."

"कोण दोघं?"

"ताकेसान आणि उमेसान."

"किकुनोसान, ती लोखंडं आहेत."

"लोखंड असलं तरी पहिला दिवस आहे ना त्यांचा." आणि बायकांनी भिंतीकडे तोंड करून वाकून नमस्कार केला. मालकही वाकले. तोमोए तेवढी ताठ उभी. मग सगळे तिच्याकडे बघायला लागले, म्हणून तीही वाकली. स्वतःच्या मानेचा तिला राग आला.

चाचणी सुरू झाली. आणि इथेच तोमोएचं डोकं फिरायला लागलं, कारण दोन्ही हात उत्तम चालले. खराब मालाची पेटी संध्याकाळी जवळजवळ रिकामी. ताकेचीही, उमेचीही. मालक खूश.

"बघ, दोन्ही चांगले! आता वेगाचं बघायचं तर ताके वेगवान. कानाईसानचा मान पण राहील."

"मालक, सरळ दाबून रिंग बसत नाही."

"बसतेय की. पेटी बघ ना."

"पेटी बघितली. पटत नाही."

"तुला पटत नाही, पण पेटीला पटतंय." मालक हसले. स्वतःच्या विनोदावर त्यांना नेहमीच हसू यायचं.

ती घरी गेली ती धुमसतच. नवरा शेवया उकडत होता. "यंत्र चांगलं निघालं म्हणून रडणारी पहिली बाई बघतोय," तो म्हणाला.

"चांगलं निघालं असतं तर रडले नसते."

"मग वाईट निघालंय का?"

"तेच कळत नाही ना!" तिने काड्या उचलल्या, एक पडली. त्याने चमचा सरकवला. तिने चमचा परत ढकलला आणि वाटी तोंडाला लावली.

तीन वाजता खोलीत चहा होतो. बायका बाजूच्या खोलीत जातात, मोठ्या पानांच्या पालेभाजीचं खारवलेलं लोणचं मध्ये ठेवतात, प्रत्येकीच्या घरचं वेगळं, आणि कुणाचं जास्त आंबलं यावर बोलणं होतं. तोमोए तिथे नेहमी असायची. एक दिवस नव्हती. दुपारी मालकांनी कानाईंना फोनवर "चांगल्या दिशेने विचार चाललाय" असं सांगितलेलं तिने ऐकलं होतं, आणि पाठोपाठ ताकिझावालाही तेच. तिला लोणचं घशाखाली उतरलं नसतं. ती स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसून राहिली. खोली रिकामी. दोन हात चालू.

ताके खाली आला आणि रिंग खाचेच्या कडेवर आपटून उडाली. जमिनीवर पडली. ताके पुढे गेला. दुसरी बसली. तिसरी आडवी बसली, वर व्हॉल्व्हचं टोपण दाबलं गेलं, पीळ आतच. चौथी उडाली. तोमोए उठून जवळ गेली. ताकेला फरक पडत नव्हता. तो इमानेइतबारे आपटत होता. उमे सावकाश मनगट वाकवून एकेक रिंग लावत होता. बऱ्याच नीट, मग मध्येच एक तिरकी राही आणि तो तसाच दाबून मोकळा होई. पेटी दिवसभर रिकामी ठेवणारं हे काम नव्हतं. दोघांचंही नव्हतं.

मग दिवसभर रिकामी राहते कशी?

बायका परत आल्या. तोमोए खोक्यांच्या मांडणीआड उभी राहिली. स्वतःच्या खोलीत चोरासारखं उभं राहायची पाळी. किकुनो बोलत बोलत ताकेच्या बाजूने गेली, तयार मालाच्या ट्रेवरून नजर फिरवली, तीन व्हॉल्व्ह उचलले आणि एप्रनच्या खिशात टाकले. खाली वाकून जमिनीवरच्या रिंगा वेचल्या. मग आपल्या जागेवर बसून खिशातून एक व्हॉल्व्ह काढला, टोपण उचकटलं, अंगठ्याने रिंग नीट बसवली, टोपण दाबलं आणि उठून ताकेच्या ट्रेमध्ये ठेवून दिला. शेजारची बाई पुढच्या ट्रेमधले बिनरिंगेचे व्हॉल्व्ह एकेक करून वळवत होती, ओतकामात राहिलेली खरखरीत कड ताकेच्या विरुद्ध बाजूला यावी म्हणून. तिसरी रिंगांना तेलाचं बोट लावत होती. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं.

तोमोए बाहेर आली. "किकुनोसान, खिशात काय आहे?"

किकुनो दचकली नाही. "ताकेसानचे तीन."

"खराब पेटीत का नाही टाकले?"

"पेटीत टाकले की त्याच्या नावावर लागतात ना."

"कुणाच्या नावावर?"

"ताकेसानच्या."

"अहो, तो चाचणीला आणलेला हात आहे! तो नापास होतो की पास, तेच तर बघायचंय!"

"नवीन माणसाला पहिले काही दिवस सांभाळून घ्यायचं असतं," किकुनो म्हणाली, जणू मुलीला दार लावायला सांगत होती. "आल्या आल्या सगळ्यांसमोर त्याची पेटी भरली तर पुढे हात उचलत नाही माणसाचा. तू आलीस तेव्हाही तुझ्या पीळवाल्या रिंगा माझ्याच खिशात जायच्या."

 तोमोएला वाटत होतं, आपल्याला रिंग पहिल्याच आठवड्यात जमली. तीस वर्षं हेच वाटत होतं.

"आणि उमेचे?"

"उमेसानचे ही बघते," किकुनोने शेजारी बोट केलं. शेजारच्या बाईने मान हलवली.

"अंगठा दाखव," तोमोए म्हणाली. त्या बाईने हात पाठीमागे नेला. तोमोएने ओढून पुढे घेतला. बुडाशी लाल, सुजलेला. "म्हणजे माझा एक अंगठा वाचवायला तुमच्या सगळ्यांचे अंगठे घातलेत! आणि मालक वर बसून म्हणतात दोन्ही चांगले! काय करू मी तुमचं? ओरडू की पाया पडू?"

"आधी चहा घे," किकुनो म्हणाली. "तुझ्यासाठी ठेवलाय."

दुसऱ्या दिवशी तोमोएने कानाई, ताकिझावा आणि मालक तिघांनाही खोलीत बोलावलं आणि बायकांना सकाळीच चहाच्या खोलीत पाठवून मधलं दार लावून घेतलं. आतून लोणच्याच्या बरणीचं झाकण वाजलं. "आता कुणी कशाला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "मालक, तुम्हीसुद्धा नाही. हात खिशात."

ताके सुटला. टक, टक, टक. रिंगा पावट्यासारख्या उडायला लागल्या. कानाईंचा चेहरा उतरला. त्यांनी वेग कमी केला, दाब कमी केला. उडायच्या थांबल्या, तर अर्ध्याच बसायला लागल्या. दांडा सरळच खाली येणार. त्याला मनगटच नाही, तो तरी काय करणार? कानाई गुडघ्यावर बसून घाम गाळत होते. मालक कळवळून म्हणाले, "सकाळी जरा थंडी होती. रबर कडक झालं असेल."

"हीटर थंडीतच लावतात, मालक," तोमोए म्हणाली.

मग उमे. काही रिंगा चुकल्या. ताकिझावा बराच वेळ नुसती बघत उभी राहिली. मग तिने हात थांबवला, रिंग ज्या कोनात धरली जात होती तो थोडा वाढवला, आणि दाबण्याच्या आधी मनगटाला एक छोटा वळसा दिला. पुन्हा सुरू केला. चुका कमी झाल्या. गेल्या नाहीत, पण जी चुकेल ती दिसेल अशी चुकायला लागली, पीळ आत लपेनासा झाला.

"खरं सांगू का हानाओकासान," ताकिझावा हळूच म्हणाली, "तुमच्याकडचे आकडे बघून मला भीती वाटत होती. इतकं चांगलं आमच्या स्वतःच्या कारखान्यातही येत नाही. पण गिऱ्हाइकाला कसं सांगणार, आमचं यंत्र इतकं चांगलं नाही म्हणून?"

"सांगायचं," तोमोए म्हणाली. "तोंडाने."

मालकांनी घसा खाकरला. "तर... दोन्हींचा आम्ही चांगल्या दिशेने—"

"कानाईसान," तोमोए म्हणाली, "तुमचा हात आम्ही घेणार नाही."

 मालकांनी डोळे मिटून घेतले. दाराआड बोलणं थांबलं. दार पातळ होतं.

कानाई गुडघ्यावरच होते. ते उठले, पँट झटकली आणि खोलवर वाकले. "आभारी आहे," ते म्हणाले. "मी पावसाळ्यानंतरही दर आठवड्याला येत राहिलो असतो. ओगुचीसान दर वेळी चहा पाजत राहिले असते. आता मला दुसरीकडे जाता येईल." मग थोडं थांबून, "स्क्रू मात्र आमच्याकडूनच ना?"

"स्क्रू चांगले आहेत. स्क्रूबद्दल कोण काय बोललं?"

ताके दुपारी उतरवून नेला. किकुनोने पुठ्ठा सोडून आपल्याजवळ ठेवला आणि फाटकापर्यंत गाडीला पोहोचवायला गेली.

उमे राहिला. पण एक गाठ सुटली तशी दुसरी बसली. उमे हळू. नागाओकाच्या हीटर कंपनीला शरदात जेवढे व्हॉल्व्ह द्यायचे कबूल केलं होतं तेवढे उमे एकट्याने करू शकत नव्हता, दिवसभर आणि जेवणाच्या सुटीतही चालवला तरी. दुसऱ्या दिवशी मालकांनी वरच्या खोलीत तोमोएला बसवून घेतलं, चहा ओतला, कालच्या भाषणाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

"उमे बराच भार उचलेल," ते म्हणाले. "उरलेलं तेवढं... तू थोडं थोडं..."

"थोडं म्हणजे?"

"शरदापर्यंत फक्त."

"शरदानंतर वसंतातली ऑर्डर येईल."

"ती आल्यावर बघू."

तोमोएने उजवा हात टेबलावर ठेवला, तळवा वर. "मालक, चहाचा कप या हाताने उचलते. बघा." तिने उचलला. कप कलला, चहा बशीत सांडला. तिने तो खाली ठेवला. "उरलेल्या रिंगा म्हणजे हा अंगठा. तो नाही तर किकुनोसानचा. तिलाही मी बसू देणार नाही. यंत्र मी निवडलं, हळू आहे हे माहीत असून निवडलं. होन्मासानना फोन करा. सांगा, एवढे होणार नाहीत."

"मी त्यांना कागदावर—"

"फोन."

"तू केलास तर? तू काल कानाईंना कसं छान..."

"जुळणीच्या बाईने सांगितलेलं ते धरणार नाहीत. शब्द तुम्ही दिलात, तुम्हीच परत घ्यायचा."

मालकांनी फोन लावला. होन्मा म्हणजे नागाओकाच्या कंपनीत खरेदी बघणारे. मालकांनी आधी हवेची चौकशी केली. मग गेल्या हिवाळ्यातल्या बर्फाची. मग होन्मांच्या गुडघ्याची. मग ओकायाचा वाम मासा या वर्षी कसा आहे ते सविस्तर सांगितलं, कुठल्या दुकानात वाफवून भाजतात आणि कुठे नुसता भाजतात. तोमोए समोर उभी होती. बसली नाही. मालकांनी तिच्याकडे बघून हाताने बस म्हणून खूण केली. ती उभीच.

"तर होन्मासान, त्या शरदातल्या व्हॉल्व्हचं... हो, हो, तेच. त्याबाबतीत जरा... म्हणजे परिस्थिती अशी की... आम्ही चांगल्या दिशेने..."

तोमोएने टेबलावर सांडलेला चहा फडक्याने पुसायला घेतला. डाव्या हाताने.

मालक थांबले. त्यांच्या मानेवरची शीर फुगली. "...नाही होणार," ते म्हणाले. "जेवढे सांगितले तेवढे नाही होणार." आणि एवढं बोलून रिसीव्हर कानापासून थोडा लांब धरला, आतून काहीतरी चावेल की काय अशा तऱ्हेने.

आतून आवाज आला. मालक ऐकत राहिले. "हो... हो... किती? ते मी..." त्यांनी तोमोएकडे बघितलं. तिने आदल्या रात्री काढलेला आकडा सांगितला. मालकांनी फोनमध्ये सांगितला. "आणि उरलेले नंतर? नाही, नंतरही नाही. उरलेले दुसऱ्यांकडून घ्या, होन्मासान. हो. माफ करा. हो, मासा नक्की पाठवतो."

फोन ठेवून ते खुर्चीत मागे रेलले. "ते म्हणाले बरं झालं आत्ताच सांगितलंत," मालक म्हणाले. स्वतःलाच पटत नसल्यासारखे. "थंडीत सांगितलं असतं तर मेलो असतो म्हणाले."

"मग एवढा वेळ माशाबद्दल काय बोलत होतात?"

"एकदम कसं सांगणार?"

तोमोएने हात टेकले. चहाची बशी घेऊन ती खाली आली. जिन्यावरच तिला आवाज ऐकू आला. टूं टूं, टूं टूं, एकसारखा. तिने पावलं उचलली. उमे थांबला होता. वरचा लाल दिवा लागला होता. रिंगांचा ट्रे रिकामा झाला होता, एवढंच. भरलेला ट्रे शेजारी हाताच्या अंतरावर पडला होता, आणि त्याच्या समोर किकुनो आणि बाकी सगळ्या ओळीने बसल्या होत्या. हात एप्रनच्या खिशात.

"कधीपासून वाजतोय हा?" तोमोए ओरडली.

"तू वर गेलीस तेव्हापासून," किकुनो म्हणाली. "तूच म्हणालीस ना, कुणी कशाला हात लावायचा नाही म्हणून."

"अहो, ते चाचणीपुरतं होतं! ट्रे तर भरायचा ना बाई! तो काय स्वतः उठून कपाटातून काढून घेणार आहे?"

"मग आधी तसं सांगायचं," किकुनो म्हणाली. उठली, ट्रे सरकवला, आणि उमे कामाला लागला.